संशय कोणाचा, खात्री कोणाची? : एका उत्कंठानाट्याच्या प्रतिसादांची चिकित्सा

१

नाट्यसमीक्षेच्या व्यवहारात काही विशेषणे अशी आहेत की ती एकदा उच्चारली म्हणजे पुढे विचार करण्याची जबाबदारी संपते. 'खिळवून ठेवणारे' हे त्यांपैकी एक. वर्तमानपत्री परीक्षणात ते शिफारसपत्र असते. गंभीर समीक्षेत तेच आरोपपत्र होते. दोन-तीन पात्रे, एक बंद घर, एक पिस्तूल, एक रात्र आणि शेवटपर्यंत न सुटणारा प्रश्न एवढी सामग्री दिसली की गंभीर समीक्षक त्या नाटकाची रवानगी 'रहस्यरंजन' या कप्प्यात करतो. मात्र त्याच नाटकात छळ, हुकूमशाही, न्याय असा वजनदार विषय निघाला की त्याची पंचाईत होते. मग तो दोन मार्गांपैकी एक पत्करतो. विषय थोर होता, पण तंत्राने त्याला हलके केले, अशी तक्रार तरी करतो. नाहीतर तंत्र लोकप्रिय असले तरी आशय गंभीर आहे, अशी रदबदली तरी करतो.

हे दोन पक्ष वरकरणी परस्परविरोधी भासतात. वस्तुतः दोघांचे गृहीतक एकच आहे. उत्कंठा हे वेष्टन आणि आशय हा आतला ऐवज, असे दोघेही मानतात. भांडण फक्त वेष्टनाच्या रंगाबद्दल आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की हे गृहीतकच टाकाऊ आहे. उत्कंठा ही संहितेत भरून ठेवलेली वस्तू नसते. प्रेक्षकाला काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही, आणि काय ठाऊक असूनही त्याला ते कळून घ्यायचे नाही, या तीन गोष्टींचा रंगमंचावरील घटनांशी जो संबंध जुळतो त्या संबंधाचे ते नाव आहे. हे खरे असेल तर प्रेक्षकांचे व समीक्षकांचे प्रतिसाद ही नाटकाच्या अभ्यासाला जोडायची पुरवणी राहत नाही. तो अभ्यासाचा गाभा ठरतो.

हे प्रतिपादन तपासण्यासाठी आरिएल डॉर्फमन या चिलीच्या लेखकाचे 'ला मुएर्ते ई ला दोन्सेया', म्हणजे इंग्रजीतून जगभर गेलेले 'डेथ अँड द मेडन', हे तीन पात्रांचे नाटक घेतो. निवडीचे कारण साधे आहे. एका वर्षाच्या अंतरात हे नाटक सान्तियागो, लंडन आणि न्यूयॉर्क अशा तीन शहरांत रंगमंचावर आले आणि तिन्ही ठिकाणी त्याला मिळालेला प्रतिसाद इतका भिन्न होता की आपण एकाच नाटकाविषयी बोलत आहोत की तीन, असा प्रश्न पडावा.

२

नाटकाची घटना थोडक्यात अशी. दीर्घ हुकूमशाहीनंतर नुकतीच लोकशाही आलेला एक देश. तो बहुधा चिली, पण तशा अवस्थेतला कोणताही देश असू शकेल, असे रंगसूचनाच सांगते. समुद्रकिनाऱ्यावरील एका घरात पाउलिना सालास आणि तिचा वकील नवरा हेरार्दो एस्कोबार राहतात. हुकूमशाहीच्या काळातील गुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या आयोगावर हेरार्दोची नेमणूक होत आहे. पण ज्या प्रकरणांचा शेवट मृत्यूत झाला तेवढीच प्रकरणे या आयोगाच्या कक्षेत येणार आहेत. हेरार्दोच्या गाडीचे चाक पंक्चर होते आणि रोबेर्तो मिरांदा नावाचा एक डॉक्टर त्याला घरी आणून सोडतो. तोच डॉक्टर रात्री पुन्हा येतो, तेव्हा पाउलिना आतल्या खोलीतून त्याचा आवाज ऐकते. पंधरा वर्षांपूर्वी डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या अवस्थेत तिच्यावर ज्याने अत्याचार केले, ते करताना ज्याने शुबर्टचे चतुर्वाद्य ऐकवले, त्या डॉक्टरचा हा आवाज आहे, अशी तिची खात्री होते. ती त्याला खुर्चीला जखडते, तोंडात बोळा कोंबते आणि हातात पिस्तूल घेऊन कबुलीजबाब मागते. रोबेर्तो सर्व नाकारतो. हेरार्दो दोघांच्या मध्ये सापडतो. कबुलीजबाब मिळतो, पण तो खरा की जीव वाचवण्यासाठी पढवलेला, हे संहिता ठामपणे सांगत नाही. शेवटी पात्रांच्या पुढे एक प्रचंड आरसा उतरतो आणि प्रेक्षकांना त्यात स्वतःचेच चेहरे दिसतात.

या घटनेमागचा इतिहास आपल्या विद्यार्थ्यांना पुष्कळदा माहीत नसतो, म्हणून त्याचे काही तपशील देणे आवश्यक आहे. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने साल्वादोर आयेंदे यांचे निर्वाचित सरकार उलथले. १९७८ साली लष्करी राजवटीने सत्तांतरापासून तोवरच्या गुन्ह्यांना माफी देणारा हुकूमनामा काढला. मार्च १९९० मध्ये पात्रिसिओ आयल्विन राष्ट्राध्यक्ष झाले, पण जनरल पिनोशे लष्कराच्या सरसेनापतिपदी १९९८ पर्यंत कायम होते. आयल्विन यांनी एप्रिल १९९० मध्ये नेमलेल्या रेत्तिग आयोगाचा अहवाल ४ मार्च १९९१ रोजी जाहीर झाला. मृत्यू पावलेल्या आणि नाहीशा केलेल्या २,२७९ व्यक्तींची नोंद त्यात होती. छळ सोसून जे जिवंत राहिले त्यांची नोंद त्यात नव्हती. गुन्हेगारांची नावेही अहवालात छापली गेली नाहीत. त्याच महिन्यात सान्तियागोत हे नाटक रंगमंचावर आले. पाउलिना ही त्या अहवालातून वगळलेली व्यक्ती आहे. तिचा अपराध एवढाच की ती मेली नाही.

३

सान्तियागोत नाटक पडले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. प्रेक्षक तुरळक होते, परीक्षणे बहुतांशी प्रतिकूल होती आणि प्रयोग फार काळ चालले नाहीत. लेखक सत्तांतरानंतर देशाबाहेर गेलेला आणि नुकताच परतलेला. त्यामुळे बाहेरून येऊन जखमेवरची खपली काढणारा, असा शिक्का त्याच्यावर बसणे सोपे होते.

जुलै १९९१ मध्ये तेच नाटक लंडनच्या रॉयल कोर्टच्या वरच्या, छोट्या रंगगृहात इंग्रजीतून झाले. दिग्दर्शक लिंडसे पॉझनर. पाउलिनाच्या भूमिकेत ज्यूलिएट स्टीव्हन्सन. प्रयोग पुढे मोठ्या रंगमंचावर आणि तेथून वेस्ट एंडला गेला. सर्वोत्कृष्ट नव्या नाटकाचे आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑलिव्हिए पारितोषिक त्याला मिळाले. मार्च १९९२ मध्ये ब्रॉडवेवर माइक निकोल्स यांनी ग्लेन क्लोज, रिचर्ड ड्रायफस आणि जीन हॅकमन या तीन तारांकित नटांना घेऊन ते बसवले. तिकिटांना मागणी उदंड होती, ग्लेन क्लोजना टोनी पारितोषिकही मिळाले. पण समीक्षकांचा सूर थंड होता. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या फ्रँक रिच यांनी तर राजकीय छळाविषयीचे पलायनवादी मनोरंजन ब्रॉडवेला पहिल्यांदाच लाभले, अशा आशयाचा टोला हाणला. लॅटिन अमेरिकन पात्रांच्या तिन्ही भूमिकांत एकही लॅटिन नट नाही, याबद्दल तेथील लॅटिन कलावंतांनी निषेध केला तो वेगळाच.

या तीन प्रतिसादांचे प्रचलित स्पष्टीकरण असे दिले जाते : चिलीला सत्य सोसवले नाही, लंडनने प्रयोगाचा दर्जा ओळखला, न्यूयॉर्कने नाटकाचा बाजार केला. हे स्पष्टीकरण सोयीचे आहे, कारण त्यात नाटक स्थिर राहते आणि फक्त प्रेक्षक बदलतात. कुठला प्रेक्षक भित्रा, कुठला सुजाण, कुठला चैनी, एवढेच ठरवायचे उरते. माझा आक्षेप या स्थिरतेलाच आहे.

उत्कंठेचा विषय काय होता, हे प्रत्येक शहराला वेगवेगळे विचारून पाहावे. लंडनच्या प्रेक्षकापुढे प्रश्न होता : हा डॉक्टर तोच आहे का? पाउलिना त्याला मारील का? त्याला दोन्ही शक्यता समान अंतरावर होत्या. म्हणून त्याला त्यांच्यामध्ये हेलकावे खाणे परवडत होते. सान्तियागोच्या प्रेक्षकाला 'असा डॉक्टर असू शकतो का' हा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. त्याच्यापुढचा प्रश्न अधिक जवळचा होता : शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे? आणि त्या वर्षांत मी स्वतः कोणत्या खुर्चीवर बसलो होतो? माफीचा हुकूमनामा कायम, सरसेनापती कायम, आणि अहवाल जाहीर होऊन महिनाही लोटला नाही तोच १ एप्रिल १९९१ रोजी हाइमे गुस्मान या उजव्या सिनेटसदस्याची हत्या. अशा शहरात पिस्तूल हातात घेतलेली पीडित स्त्री ही कल्पनेतील शक्यता नव्हती. ती सर्व पक्षांना नको असलेली बातमी होती. म्हणजे सान्तियागोत नाटकातील उत्कंठा कमी पडली नाही. ती रंगमंचाच्या चौकटीत मावली नाही.

४

येथे आपल्या परंपरेतील एक जुनी मांडणी उपयोगी पडेल. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीतील जी सात विघ्ने सांगितली आहेत, त्यांत स्वगत-परगतत्वाच्या नियमाने देशकालविशेषाचा आवेश होणे हे एक, आणि निजसुखादिविवशीभाव, म्हणजे स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे, हे दुसरे. हे माझे की परक्याचे, हे आजचे की तेव्हाचे, असा विशेषाचा दंश कायम राहिला तर साधारणीकरण होत नाही आणि रस निष्पन्न होत नाही. या निकषावर सान्तियागोचा प्रेक्षक विघ्नग्रस्त ठरतो आणि लंडनचा प्रेक्षक सहृदय. शास्त्राच्या दृष्टीने हा निवाडा निर्दोष आहे.

परंतु या निवाड्याचा अर्थ काय होतो, हे पाहिले पाहिजे. ज्याच्यावर घाव झाला तो अरसिक, आणि ज्याला घाव माहीत नाही तो रसिक, असा त्याचा अर्थ होतो. साधारणीकरणाची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न आपल्या सौंदर्यमीमांसेने क्वचितच विचारला. डॉर्फमन यांच्या नाटकाचे वैशिष्ट्य असे की ते हे विघ्न दूर करण्याचा प्रयत्नच करीत नाही. शेवटचा आरसा हा विघ्न मुद्दाम उभे करण्याचा उपाय आहे. स्वतःला विसरून रंगलेल्या प्रेक्षकाला तो स्वतःचे तोंड दाखवतो. जेथे प्रेक्षक स्वतःला विसरलाच नव्हता तेथे आरशाची गरजही नव्हती. म्हणून सान्तियागोच्या प्रतिसादाला 'अपयश' म्हणणे मला मान्य नाही. नाटक ज्या ठिकाणी पोहोचू पाहते तेथून तो प्रेक्षक सुरुवात करीत होता, आणि तेथून पुढे नेण्याची सोय या नाटकात नाही, ही त्याची मर्यादा आहे. मर्यादेला मर्यादा म्हणावे. प्रेक्षकाला भित्रा म्हणू नये.

५

आता नैतिक आक्षेपाकडे वळू. छळासारख्या विषयावर 'होय की नाही' असा उत्सुकतेचा खेळ रचणे म्हणजे पीडितांच्या वेदनेचे भांडवल करणे होय, असा तो आक्षेप. तो उथळ नाही. पाउलिनाच्या मनाचा तोल गेला असेल ही शक्यता नाटक जागती ठेवते. म्हणजे जिच्यावर आधीच कोणी विश्वास ठेवला नाही तिच्यावरच्या अविश्वासातून ते आपली उत्कंठा मिळवते. हा आरोप खरा आहे. मात्र त्यातून काढलेला निष्कर्ष खरा नाही.

त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ साली रहस्यकथेच्या प्रकारांची मांडणी करताना दाखवले की अशा कथेत दोन कथा असतात : गुन्ह्याची आणि तपासाची. पहिली घडून गेलेली व म्हणून अनुपस्थित. दुसरी समोर घडणारी, पण स्वतःहून निरुपद्रवी. शोध घेणाऱ्याला काही होत नाही आणि त्याच्या हातून काही घडत नाही. डॉर्फमन यांच्या नाटकात ही दुसरी कथा निरुपद्रवी राहत नाही. तपास सुरू होतो तो माणसाला बांधून, त्याचे तोंड बंद करून, त्याच्याकडून कबुली उकळून. म्हणजे पहिल्या कथेची सर्व साधने दुसऱ्या कथेत परत येतात. पाउलिना सूडाचे समान माप मनात आणून पाहते आणि टाकून देते. तिला कबुलीच हवी असते. तरीही कबुली मागण्याचा मार्ग छळाच्या मार्गाला इतका खेटून जातो की रहस्यकथेच्या वाचकाने ज्या तपासावर आजवर निर्धास्त विसंबावे तो तपासच संशयित ठरतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुराव्याची. पाउलिना नवऱ्याला आपली हकिगत सांगताना काही बारीक तपशील जाणूनबुजून चुकीचे सांगते. नवरा ते तपशील डॉक्टरला पुरवतो, कारण कबुली पटण्यासारखी व्हावी अशी त्याची इच्छा असते. डॉक्टर कबुली देताना त्या चुका आपसूक दुरुस्त करतो. रहस्यकथेच्या नियमांनुसार हा निर्णायक पुरावा होय. प्रेक्षकाच्या मनात येथे खटका उघडल्यासारखा आवाज होतो आणि त्याला समाधान मिळते. पण हा पुरावा कोणत्या न्यायालयात टिकेल? तो बांधलेल्या माणसाकडून मिळाला आहे आणि तो पारखणारी एकमेव साक्षीदार स्वतः फिर्यादी आहे. प्रेक्षकाची खात्री आणि कायद्याची खात्री यांच्यामध्ये जी फट पडते, तीच या नाटकाची उत्कंठा. ती फट डॉर्फमन यांनी कौशल्य दाखवण्यासाठी कोरलेली नाही. चिलीच्या आयोगाने ती जिवंत राहिलेल्या प्रत्येक पीडितासाठी मोकळी ठेवली होती.

आपल्याला या संदर्भात 'अभिज्ञान' ही संज्ञा आठवली पाहिजे. शकुंतलेचे सत्य अंगठीवाचून सत्य ठरत नाही. खूण हरवली की राजसभेत ती खोटी ठरते. अॅरिस्टॉटलनेही ओळख पटण्याचे प्रकार सांगताना बाह्य खुणांनी पटणारी ओळख कलादृष्ट्या कनिष्ठ मानली. पाउलिनाजवळ अंगठी नाही. तिच्याजवळ आवाज आहे, वास आहे, स्पर्श आहे. म्हणजे दुसऱ्याच्या हाती देता येणार नाही असाच पुरावा आहे. डोळे बांधणाऱ्याने पाहण्याचा पुरावा आधीच नष्ट केला, आणि नंतरची व्यवस्था मात्र पाहिल्याचाच पुरावा मागते. आपल्या खुर्चीत बसून 'तिची चूक तर होत नसेल?' असे मनात म्हणणारा प्रेक्षक हा त्या व्यवस्थेचाच एक सभासद असतो. म्हणूनच या नाटकातील संशयाला 'स्वस्त युक्ती' म्हणणारा समीक्षक मला संशयास्पद वाटतो. त्याला युक्ती खटकली, की आपण त्या युक्तीला फशी पडलो हे खटकले?

६

तंत्राची प्रशंसा करणारा दुसरा पक्ष तुलनेने निरुपद्रवी दिसतो, पण माझ्या मते नुकसान त्याच्याकडून अधिक झाले. नाटक 'कोणत्याही देशात घडू शकेल' म्हणून श्रेष्ठ, हा त्याचा आवडता मुद्दा. रंगसूचनेतील एका सवलतीचे त्याने तत्त्वज्ञान केले. न्यूयॉर्कचा प्रयोग याचे ठळक उदाहरण होय. अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीने १९७५ च्या अहवालात नमूद केले होते की अमेरिकेने आयेंदे यांच्या विरोधकांना पैसा पुरवण्यासह चिलीच्या राजकारणात वर्षानुवर्षे गुप्त हस्तक्षेप केला होता. त्या देशाच्या सर्वांत महागड्या रंगभूमीवर हे नाटक होत असताना आरशात कोण दिसायला हवे होते? पण नाटक 'सार्वत्रिक' ठरले, आणि सार्वत्रिक आरशात कोणीच विशेष दिसत नाही. 'गुन्हा कोणी केला' हा प्रश्न खुर्चीला बांधलेल्या एका माणसापुरता उरला.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो माझ्याच प्रतिपादनावर उलटणारा आहे. बंद घर आणि तीन पात्रे ही रचनाच गुन्ह्याला एका माणसाएवढा लहान करीत नाही का? उत्कंठानाट्याचा साचा स्वीकारल्यावर ब्रॉडवेचा परिणाम अटळच नव्हता का? डॉर्फमन यांनीच आर्मां मातलार यांच्याबरोबर १९७१ साली डोनाल्ड डकच्या चित्रकथांमागील वर्चस्ववादी विचारसरणी उघडी पाडणारे पुस्तक लिहिले होते. लोकप्रिय आकृतिबंध आपला अर्थ आपल्याबरोबर घेऊन येतो, हे त्यांना इतरांपेक्षा अधिक ठाऊक असणार. पण लेखकाचा पूर्वेतिहास हा कृतीच्या बाजूचा पुरावा होऊ शकत नाही. उत्तर संहितेतूनच द्यावे लागेल.

ते उत्तर तिसऱ्या पात्रात आहे. परीक्षणे पाउलिना आणि रोबेर्तो यांच्याविषयीच बोलतात, कारण पिस्तूल त्या दोघांमध्ये असते. हेरार्दोकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तो सज्जन आहे, लोकशाहीवादी आहे, बायकोवर त्याचे प्रेम आहे. आणि रात्रभर तो एकच काम करतो, तडजोडीचा मसुदा तयार करण्याचे. पाउलिना बंदिवासात ज्याचे नाव तिने सांगितले नाही तो हाच माणूस. नाटकातील खरे संस्थात्मक पात्र हेरार्दो होय. त्याच्यामुळे बंद घराच्या भिंती सरकतात आणि आत राज्यसंस्था येऊन बसते. उत्कंठेच्या साच्याने गुन्हा लहान केला नाही. समीक्षकांनी तीन पात्रांचे नाटक दोन पात्रांचे करून पाहिले, म्हणून तो लहान झाला.

रोमान पोलान्स्की यांच्या १९९४ च्या चित्रपटाशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होते. तेथे कड्याच्या टोकावर डॉक्टर जी कबुली देतो ती खरी मानण्याकडेच चित्रपटाचा कल आहे. संशय फिटतो आणि प्रेक्षक मोकळा होतो. तंत्राच्या दृष्टीने हा शेवट अधिक 'पूर्ण' म्हणता येईल. पण नाटकाने प्रेक्षकाच्या पदरात टाकलेले काम चित्रपट स्वतःच उरकून टाकतो.

७

या चर्चेचा मराठी समीक्षेशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध पद्धतीचा आहे. फडके-खांडेकर वादापासून कला की जीवन अशा जोड्या लावण्याची आपल्याला सवय आहे, आणि उत्कंठा ही नेहमीच कलेच्या, त्यातही कारागिरीच्या, खात्यात जमा होत आली. त्यामुळे आपल्या एका श्रेष्ठ नाटकातील उत्कंठेकडेही आपण पुरेसे पाहिले नाही. तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली रंगमंचावर आले. तेथेही एक बंद सभागृह आहे, खेळ म्हणून सुरू झालेला खटला आहे, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात एक स्त्री आहे. बेणारेच्या खाजगी आयुष्यातील एकेक गोष्ट उघडी पडत जाते तसतसा प्रेक्षक पुढे सरसावून बसतो. पुढची गोष्ट कळावी अशी इच्छा त्याला होते, आणि ती इच्छा म्हणजेच त्या खटल्यातील काशीकर-सुखात्मे मंडळींची इच्छा. नाटकातील क्रौर्याविषयी आपल्याकडे विपुल लिहिले गेले. प्रेक्षकाच्या त्या उत्सुकतेला मात्र आपण साक्षीला बोलावले नाही. बेणारेचे अखेरचे दीर्घ स्वगत मंचावरील कोणी ऐकत नाही, फक्त प्रेक्षक ऐकतो. तोवर प्रेक्षकाने मंचावरील मंडळींच्या बाजूने बराच काळ काढलेला असतो. त्या स्वगताचा दाह कळण्यासाठी आधीच्या उत्कंठेचा हिशेब मांडावा लागतो.

दोन्ही नाटकांतील भेदही लक्षात घेण्याजोगा आहे. बेणारेवर खटला चालतो. पाउलिना खटला चालवते. पहिलीच्या बाबतीत प्रेक्षकाला सत्य कळण्याची घाई असते, दुसरीच्या बाबतीत सत्यावर विश्वास ठेवण्याची टाळाटाळ. आरोपी स्त्रीविषयीचे सत्य आपल्याला पुराव्याशिवायही पटते आणि फिर्यादी स्त्रीचे सत्य पुरावा देऊनही पटत नाही, हा उत्कंठेच्या इतिहासातील विरोधाभास नाट्यतंत्राच्या पुस्तकांत सापडणार नाही. तो प्रेक्षागृहात शोधावा लागतो.

८

ग्रहणसिद्धांत आता आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना अपरिचित राहिलेला नाही. याउसचे 'अपेक्षांचे क्षितिज' विद्यार्थी उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहितात. पण प्रबंधात प्रेक्षकांचा प्रतिसाद येतो तो बहुधा शेवटच्या प्रकरणात : किती प्रयोग झाले, कोणती पारितोषिके मिळाली, कोणत्या परीक्षणकर्त्याने काय म्हटले. ही नोंदवही झाली. तिच्यापुढे जायचे तर उत्कंठानाट्याला एक साधा प्रश्न विचारण्यापासून सुरुवात करावी लागेल : या प्रेक्षागृहात असे कोण आहे की ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे? त्याच्यासाठी हे नाटक काय आहे? आणि ज्याला ठाऊक नाही त्याची करमणूक कोणाच्या माहितीच्या अभावावर उभी आहे?

हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा नाही, याची साक्ष चिलीच्या पुढील इतिहासाने दिली. जिवंत राहिलेल्या छळपीडितांची अधिकृत नोंद घेण्यासाठी वालेच आयोग नेमला गेला तो २००३ साली. म्हणजे पाउलिना रंगमंचावर आल्यानंतर बारा वर्षांनी. २००४ चा पहिला अहवाल आणि २०११ मध्ये संपलेले दुसरे काम मिळून ३८,२५४ व्यक्ती राजकीय कैद व छळ यांच्या बळी म्हणून मान्य झाल्या. मात्र त्यांनी आयोगापुढे दिलेल्या जबान्या २००४ च्या कायद्याने पन्नास वर्षे गोपनीय ठरवल्या. पीडितांची नावे प्रसिद्ध झाली. त्यांनी कोणाकोणाची नावे घेतली ते मोहोरबंद झाले.

ही वस्तुस्थिती ध्यानात घेतली म्हणजे 'शेवट संदिग्ध ठेवून लेखकाने प्रेक्षकाला झुलवत ठेवले' हा परीक्षणातील नेहमीचा शेरा किती पोकळ आहे ते कळते. संदिग्धता लेखकाने आणली नव्हती. राज्यसंस्थेने ती कायद्याने राखली होती, आणि डॉर्फमन यांनी तिला दीड-दोन तासांचे रूप दिले. त्या रूपाला रहस्यरंजन म्हणून हिणवणे किंवा रहस्यरंजन म्हणून मिटक्या मारणे, दोन्हींत समीक्षक एकच गोष्ट टाळतो. पाउलिनावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवताना आपण कोणता पुरावा मागितला, आणि तो मागण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हे त्याला सांगावे लागत नाही. 'खिळवून ठेवणारे' असे लिहिणाऱ्याने यापुढे एवढे तरी सांगावे : खिळला कोण, आणि कशाला?